मणक्यात रुतलेलं पातं : मेडन कॅसलच्या ‘वॉर सेमेटरी’चं प्रकरण

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ डॉर्चेस्टर नावाचं गाव आहे. तिथल्या डॉर्सेट म्युझियममध्ये एका माणसाच्या पाठीचा कणा ठेवलाय. त्यातल्या एका मणक्यात लोखंडी टोक रुतलंय, पोटाच्या बाजूने आत शिरलेलं. दोन हजार वर्षांत हाड आणि लोखंड एकमेकांना असं धरून बसलंय की वेगळं करायची कुणाची छाती होऊ नये. किल्ला राखताना रोमन सैन्याच्या यंत्राने फेकलेला बाण लागून मेलेला मावळा, अशा थाटात या कण्याची ओळख कित्येक दशकं करून दिली गेली.

तो मावळा नव्हता, हे नंतर कळलं असं म्हणणंही थोडं घाईचं होईल. पण तो ज्या लढाईत मेला असं सांगितलं गेलं, ती लढाई तिथे झालीच नसावी, इथपर्यंत आता मजल आली आहे. पुरावे जवळपास तेच आहेत. हाडं तीच, खड्डे तेच, राख तीच. हे सगळं उलटं कसं फिरलं ते क्रमाने पाहण्यासारखं आहे, कारण गडकिल्ल्यांवर फिरणाऱ्या आपल्यासारख्यांना ‘इथे घनघोर लढाई झाली’ हे वाक्य फार प्रिय असतं.

आधी जागा. मेडन कॅसल हा डॉर्चेस्टरच्या नैऋत्येला, गावापासून चालत जाण्याजोग्या अंतरावरचा किल्ला. किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे काळा कातळ, चुन्यातले बुरूज, भगवा आणि पाण्याची टाकी येतात. ते सगळं बाजूला ठेवा. इथे दगडी भिंत दिसत नाही. शेतांच्या मधोमध एक लांबट, बुटकी टेकडी आहे, खडूच्या दगडाची. तोच खडू, शाळेतल्या फळ्यावरच्या मूळ खडूचा. तिच्याभोवती माणसांनी खंदक खणले आणि निघालेला माल आतल्या बाजूला रचून तट उभे केले. एकाबाहेर एक, काही बाजूंना तीन, कुठे चार. आज त्यांवर गवत आहे आणि मेंढ्या चरतात. नवीन असताना मात्र हे तट पांढरेशुभ्र असणार आणि ऊन पडलं की मैलोन् मैल चमकत असणार. आतला परिसर सुमारे 19 हेक्टर, म्हणजे 47 एकर.

दोन दारं आहेत, पूर्वेला आणि पश्चिमेला. ती पाहताना मराठी माणूस थबकतोच. दार सरळ समोर नाही. तटांच्या घड्या पुढे आणून, आडवे बांध घालून वाट अशी वळवलीय की आत जाणाऱ्याला दार शेवटच्या क्षणापर्यंत दिसू नये आणि तोवर दोन्ही अंगांनी वरून त्याच्यावर नजर राहावी. रायगडाच्या महादरवाजात आपण जी गोमुखी रचना कौतुकाने दाखवतो, तीच अक्कल. फक्त इथे ती मातीत आहे आणि शिवकाळापेक्षा दोन हजार वर्षं जुनी आहे.

टेकडीचा वापर त्याहूनही जुना. इ.स.पूर्व 3500 च्या सुमारास नवाश्मयुगातल्या लोकांनी तिथे तुटक खंदकांचं कुंपण केलं होतं आणि नंतर 546 मीटर लांबीचा एक मातीचा उंचवटा रचला. तो कशासाठी, हे कुणी ठामपणे सांगू शकत नाही. मग टेकडी बराच काळ नुसती पडून राहिली. लोहयुगात, इ.स.पूर्व 600 च्या आसपास, पूर्वेकडच्या साडेसहा हेक्टरभर भागाला पहिला तट पडला. इ.स.पूर्व 450 च्या सुमारास किल्ला पश्चिमेला वाढवून तिप्पट केला, तट वाढत गेले, आत गोल झोपड्या आणि धान्याची पेवं झाली. एका गोष्टीकडे मात्र लक्ष ठेवा, पुढे कामाला येईल : रोमन आले तोपर्यंत किल्ल्याचा आतला भाग बराचसा रिकामा झाला होता. वस्ती सरकून पूर्वदाराच्या बाहेर आली होती.

व्हीलरचा खटला

1934 ते 1937 या चार हंगामांत ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर आणि त्याची बायको टेसा व्हीलर यांनी मेडन कॅसल खणला. टेसा 1936 मध्ये, काम अर्ध्यावर असताना वारली. खरं तर शिस्त तिची आणि गाजावाजा त्याचा, असं पुष्कळांचं मत आहे आणि ते पटण्यासारखं आहे. व्हीलर तोफखान्यात अधिकारी म्हणून पहिल्या महायुद्धात लढलेला. 1913 मध्ये एका उत्खननावर तो धरून पाच विद्यार्थी होते, त्यांतला युद्धातून एकटा तोच वाचला. हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. वर्तमानपत्रांना हाताशी धरणं, सुट्टीला आलेल्या लोकांना खड्ड्यांभोवती फिरवणं, पोस्टकार्डं विकणं, हे सगळं त्याला उत्तम जमायचं.

पूर्वदारापाशी खणताना त्याला सांगाडे लागले. उथळ खड्ड्यांत, कुणी आखडून, कुणी वेडंवाकडं. बऱ्याच हाडांवर शस्त्राचे घाव. एका कवटीवर तर खोल असे नऊ. आणि मग तो मणका. त्याशिवाय दाराजवळ कोळशाचा आणि राखेचा थर, आणि थडगी त्या राखेतून खाली खणलेली.

व्हीलरने याची जी जुळणी केली ती अशी. इ.स. 43 मध्ये सम्राट क्लॉडियसने ब्रिटनवर स्वारी केली. दुसऱ्या लीजनचा, म्हणजे रोमन सैन्याच्या एका मोठ्या तुकडीचा, सेनापती होता व्हेस्पेशियन, जो पुढे स्वतः सम्राट झाला. रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो की व्हेस्पेशियनने ब्रिटनमध्ये तीस लढाया केल्या, दोन बलाढ्य जमाती नमवल्या, वीसहून जास्त ठाणी घेतली आणि वाइट बेटही घेतलं. मेडन कॅसल हा या भागातला सर्वांत थोर किल्ला. तेव्हा वीसांत तो असणारच. मग व्हीलरने हल्ला उभा केला : आधी बॅलिस्टांचा मारा, म्हणजे तिवईवरच्या अजस्र धनुष्यांतून लोखंडी टोकांचे बाण. मग दाराबाहेरच्या झोपड्यांना आग, धुराच्या आडून दारावर धाव, मग कत्तल, बायकाही सुटल्या नाहीत. रात्री वाचलेले लोक अंधारात आले आणि त्यांनी आपली माणसं घाईघाईने राखेत पुरली. या जागेला त्याने ‘वॉर सेमेटरी’ म्हटलं.

पुण्याच्या माणसाला हा शब्द खडकीमुळे ठाऊक आहे. महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या पांढऱ्या शिळांच्या रांगा. व्हीलरच्या पिढीच्या इंग्लिश वाचकाला तर तो शब्द काळजात घुसणारा होता. 1943 मध्ये, दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, व्हीलरचा जाडजूड अहवाल छापून आला. परका शत्रू, यंत्रांचा मारा, तटावर उभे राहिलेले गावकरी. इंग्लंडने तेव्हा दुसरी कुठली गोष्ट अधिक आवडीने वाचली असती?

त्याच अहवालात आणखी एक कल्पना होती. एका खड्ड्यात 20 हजारांहून जास्त गोफणगुंडे सापडले होते, चेसिल बीचवरून वेचून आणलेले गुळगुळीत गोटे. ज्वारीवरची पाखरं हाकताना ज्याने गोफण चालवलीय त्याला विचारा, एका आकाराचा, एका वजनाचा गोटा मिळणं म्हणजे काय ते. व्हीलरचं म्हणणं असं की एकाबाहेर एक तट आले ते या गोफणीमुळे. गोफणीच्या टप्प्याइतका शत्रू दूर ठेवायचा म्हणून, आणि हे तंत्र समुद्रापलीकडून, फ्रान्समधल्या ब्रिटनीतून आलं. गोफणगुंडे खरेच आहेत. समुद्रापलीकडची बाकीची मांडणी आज कुणी मानत नाही.

पुन्हा खणलं तेव्हा

1985 आणि 1986 मध्ये नायल शार्पल्स या पुरातत्त्वज्ञाने मेडन कॅसल पुन्हा खणला. हेतू मर्यादित होता : जागेची देखभाल नीट करता यावी आणि येणाऱ्यांना माहिती देता यावी. खड्डेही थोडेच. पण व्हीलरची पान न् पान उलटून पाहिली गेली.

पहिली ढासळली ती राख. पूर्वदाराबाहेर लोखंड घडवण्याचं काम चालायचं, त्याचा पुरावा शार्पल्सला मिळाला. भट्ट्या आल्या म्हणजे कोळसा आणि राख आलीच, आणि तीही एका रात्रीची नव्हे. लोहाराच्या पालापाशी दहा वर्षांनी माती उकरली तर काळा थर लागेल. त्यावरून कुणी गाव जाळलं असं म्हणत नाही. वस्ती दाराबाहेर सरकली होती ही गोष्ट इथे कामाला येते. दाराबाहेर राहणारे लोक दाराबाहेरच काम करणार आणि दाराबाहेरच पुरले जाणार.

मग घाईची बाब. थडग्यांत भांडी होती. मांसाचे तुकडे होते, हाडासकट ठेवलेले. रात्री रोमन पहाऱ्यात जीव मुठीत धरून प्रेतं ढकलणारा माणूस मेलेल्याच्या उशाशी मटणाचा तुकडा ठेवायला थांबेल का? खरं म्हणजे व्हीलरनेही ही भांडी नोंदवली होती. त्यातून त्याने वाचलेल्यांची माया पाहिली. शक्य आहे. पण दुसरं सोपं उत्तर शेजारीच होतं. त्या भागातली ड्युरोट्रिजेस जमात आपले मृत पाय दुमडून, एका कुशीवर निजवून, भांडीकुंडी देऊन पुरायची. लोहयुगातल्या ब्रिटनच्या मोठ्या भागात मृतांचा असा मागमूस राहत नाही, इथे राहतो. म्हणजे दाराबाहेरची दफनभूमी ही त्या लोकांची नेहमीची रीत.

तिसरी बाब आकड्यांची. दाराबाहेरचे सांगाडे एकूण 52. त्यांतल्या 14 जणांच्या हाडांवर हिंसक मृत्यूच्या ठळक खुणा आहेत असं शार्पल्सने मांडलं. सगळे घाव हाडापर्यंत पोहोचत नाहीत हे मान्य, तरीही हे कत्तलीचं चित्र नव्हे. पुढे रेबेका रेडफर्न यांनी ही हाडं नव्याने तपासली आणि हिंसा व्हीलरला वाटली तशीच भयंकर असल्याचं दाखवलं. घाव मुख्यतः डोक्यावर, आणि मारायला लागतील त्यापेक्षा कितीतरी जास्त. हाडं खोटं बोलत नव्हती. प्रश्न एवढाच उरला की हे वार कुणी केले, आणि कधी.

‘कधी’चं उत्तर व्हीलरकडे असणं शक्यच नव्हतं. कार्बन-14 ची पद्धत 1949 मध्ये आली. त्याने काळ ठरवला तो खापरांवरून आणि थरांवरून, म्हणजे त्या वेळी जसा ठरवता येत होता तसाच. 2025 मध्ये बोर्नमथ विद्यापीठातल्या माइल्स रसेल, मार्टिन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सांगाड्यांचं कार्बन-कालमापन प्रसिद्ध केलं. माणसं एका दिवशी मेलेली नव्हती. मृत्यू इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीपासून इ.स. पहिल्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पसरलेले निघाले, रक्तपाताच्या वेगवेगळ्या प्रसंगांत विभागलेले. व्हेस्पेशियनचा जन्म इ.स. 9 चा. तो ज्यांना मारायला आला असं सांगितलं जात होतं, त्यांतले काही जण त्याच्या जन्माआधीच मातीत गेले असावेत.

मणक्यातल्या टोकाबद्दलही आता रसेल यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात की ते बॅलिस्टाच्या बाणाचं असण्याची गरज नाही, हाताने फेकायच्या भाल्याचंही असू शकतं. लोहाराच्या भट्ट्या दारातच होत्या, हे विसरू नये.

यावरून रोमन इथे आलेच नाहीत असा उलटा झोका घेणंही चूक. याच डॉर्सेटमध्ये हॉड हिल नावाचा दुसरा किल्ला आहे. तिथे इयन रिचमंड यांनी 1950 च्या दशकात खणलं तेव्हा एका झोपडीच्या आसपास बॅलिस्टाची टोकं दाटीने सापडली, आणि रोमनांनी त्याच किल्ल्याच्या एका कोपऱ्यात आपली छावणी बांधली. सैन्य आलं, किल्ले घेतले गेले, हे खरं. सुएटोनियसने मात्र वीसांतल्या एकाचंही नाव लिहिलेलं नाही.

तोच माणूस, दुसरी टेकडी

हे प्रकरण इंग्लंडपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. डॉर्सेटहून एक धागा थेट आपल्याकडे येतो, किंबहुना दोन.

पहिला चांगला. लंडनला पीएच.डी. करत असताना हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी मेडन कॅसलवर व्हीलरच्या हाताखाली उत्खननाचे धडे घेतले. मधे मातीचे बांध सोडून चौकोनी खड्डे घ्यायचे, म्हणजे प्रत्येक बांधाच्या कडेवर थरांचा उभा छेद वाचता येतो. ही शिस्त ते घेऊन आले. 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले आणि पुढे जोर्वे, नेवासे, इनामगाव अशा उत्खननांनी महाराष्ट्राच्या इतिहासाच्या आधीचा इतिहास उभा राहिला. इनामगावलाही वस्तीभोवती तटबंदी आणि खंदक निघाले, तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचे. आपल्याकडे ‘किल्ला’ म्हटलं की सातवाहनांच्या आधी कुणी जात नाही. इनामगावच्या त्या तटाकडे गडप्रेमींनी अजून पाहायला हवं तसं पाहिलेलं नाही.

दुसरा धागा तितका चांगला नाही. 1944 मध्ये व्हीलर भारतीय पुरातत्त्व खात्याचा महासंचालक होऊन आला. हडप्पाला त्याला तटबंदी मिळाली. मोहेंजोदडोच्या वरच्या थरांत आधीच्या उत्खननांत रस्त्यावर, घरात, जिन्यापाशी सांगाडे सापडले होते. आणि ऋग्वेदात इंद्र आहे, पुरं फोडणारा पुरंदर. सुएटोनियसच्या जागी ऋग्वेद, व्हेस्पेशियनच्या जागी इंद्र. 1947 मध्ये त्याने लिहून टाकलं की परिस्थितिजन्य पुराव्यावरून इंद्र आरोपी ठरतो. आर्यांनी केलेल्या कत्तलीची ती गोष्ट आपल्या शाळांच्या पुस्तकांपर्यंत झिरपली आणि तिचे राजकीय उपयोग अजून संपलेले नाहीत.

तीही टिकली नाही. 1964 मध्ये जॉर्ज डेल्स यांनी दाखवलं की ते सांगाडे एका थरातले नाहीत, म्हणजे एका प्रसंगाचे नाहीत. नंतर केनेथ केनेडी यांनी हाडं तपासली तेव्हा जीवघेण्या जखमांचा पुरावा जवळजवळ सापडलाच नाही. या बाबतीत डॉर्सेट निदान बरं : तिथे घाव तरी खरे होते.

व्हीलरला मी ढोंगी म्हणणार नाही. त्याचे थरांचे छेद इतके नेटके काढलेले आणि इतक्या लवकर छापलेले होते की पन्नास वर्षांनी शार्पल्सला त्यांच्याशी वाद घालता आला. आपल्याकडच्या किती उत्खननांचे पूर्ण अहवाल खणणाऱ्याच्या हयातीत निघतात, हे मोजून पाहावं. त्याची खोड वेगळी होती. हाडांचा ढीग आणि एखादा जुना ग्रंथ शेजारी आला की त्याला मधली सगळी दुपार दिसायला लागायची, धुरासकट.

मग कुणी मारलं?

बोर्नमथच्या लोकांचा रोख घरातल्याच भांडणाकडे आहे. गादीवरून, जमिनीवरून, गटागटांतून. काही जणांना सर्वांसमोर शिक्षा म्हणून मारलं असावं, असंही ते म्हणतात. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. भाऊबंदकी हा शब्द इंग्रजीत नाही म्हणून ती गोष्ट तिथे नव्हती असं थोडंच आहे.

याच ड्युरोट्रिजेसबद्दल 2025 मध्येच आणखी एक संशोधन प्रसिद्ध झालं. डॉर्सेटमधल्याच विंटरबोर्न किंग्स्टन इथल्या दफनांतून काढलेल्या डीएनएवरून दिसलं की त्या दफनभूमीतल्या दोन तृतीयांशांहून अधिक माणसं एकाच आईच्या वंशावळीतली. बायका माहेरीच राहायच्या आणि नवरे बाहेरून यायचे. सगळी जमात घरजावयांची! अशा गावात जमीन कुणाची, शब्द कुणाचा, बाहेरून आलेल्या पुरुषांची निष्ठा कुठे, हे तंटे आपल्या तंट्यांपेक्षा वेगळ्या वळणाचे असणार. मेडन कॅसलच्या मेलेल्यांना हे जसंच्या तसं लावता येत नाही, ती दफनभूमी वेगळी. पण माणसं तीच होती.

मुळात हे किल्ले लढण्यासाठीच होते का, इथपासून चर्चा आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये अशा 4,147 जागा 2017 च्या सूचीत नोंदल्या आहेत. एवढ्या सगळ्या ठिकाणी वेढे पडले असतील, असं नाही. हॅम्पशायरमधला डेनबरी हा किल्ला बॅरी कन्लिफ यांनी 1969 पासून वीस हंगाम खणला, तर आत मुख्यतः निघाली पेवं. खडूत खणलेली, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद, धान्याची. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं ज्यांनी पाहिलीत त्यांना चित्र काढून दाखवायची गरज नाही. तट धान्यासाठी, तट मोठेपणासाठी, तट सगळ्यांनी मिळून खणावा लागतो म्हणून गाव एक राहण्यासाठी. कधीमधी लढाईसाठीही.

आज मेडन कॅसलवर तिकीट नाही, दरवाजा नाही, पहारेकरी नाही. जागा इंग्लिश हेरिटेजच्या देखरेखीखाली आहे. तटावरून चालताना जिथे पाऊलवाट गवत खाऊन टाकते तिथे खालचा खडू पांढरा डोकावतो आणि बुटांना चिकटतो. आत चौथ्या शतकातल्या रोमन देवळाचा पाया तेवढा दगडी. तो बांधला गेला तोवर किल्ला ओस पडून तीनशे वर्षं झाली होती.

मी मात्र पूर्वदारापाशीच जास्त वेळ उभा राहिलो. ज्याच्या कवटीवर नऊ घाव होते त्याचा विचार करत. एक-दोन घावांत माणूस मरतो. बाकीचे सात कामगिरीवर आलेला सैनिक घालत बसत नाही, असं मला वाटतं. ते ओळखीच्याचे असतात. आणि मग कुणीतरी याच दाराबाहेर खड्डा खणला, मेलेल्यांना एक एक करून त्यात निजवलं, भांडी मांडली, मांसाचा वाटा ठेवला. मारणारे आणि वाटा ठेवणारे दोघेही बहुधा याच वाटेने घरी गेले.